पांढरी पाचच्या जरा वर

अर्जात एक रकाना होता : आवाजाची पट्टी.
बाकीचं सगळं भरून झालं होतं,
नाव वृषाली मोरेश्वर घरत,
वय चौतीस (बारीक अक्षरात),
पूर्वशिक्षण : दोन परीक्षा, मग सोळा वर्षं काही नाही.
पट्टीपुढे मी काळी चार लिहिलं,
शाळेतल्या बाई म्हणायच्या, मुलींची तीच असते.

वाशीला, दुसऱ्या मजल्यावर. खाली दातांचा दवाखाना,
जिन्याभर लवंगेच्या तेलाचा वास.
बाकावर मुलं ओळीने, मांडीवर फायली,
आया थर्मासच्या झाकणातून कोमट पाणी पाजतायत.
एकीने सरकून जागा दिली, विचारलं,
तुमची मुलगी गेली का आत?
म्हटलं, नाही अजून. घाबरलीय.

आत देवस्थळी बाई, आणि हातोडीने तबला ठोकत
मान न वर करणारा एक मुलगा.
बाई म्हणाल्या, तानपुरा नंतर लावू.
आधी नुसता सा द्या. तुमचा.
दिला.
मग त्यांनी काळी चारवर बटण दाबलं
आणि खोलीत दोन सा झाले,
एकमेकांकडे न बघता बसलेल्या जावांसारखे.

पुन्हा द्या.
पुन्हा तिथेच.
काळी चार नाही ही, बाई म्हणाल्या.
पांढरी पाचही नाही, तिच्याहून चढी आहे.
बेसूर माणूस हलतो हो. तुम्ही हलत नाही.
कुठला हा सा? घरचा?

घरचाच.
दिघ्याला सबस्टेशनच्या क्वार्टर्स,
मोरीच्या भिंतीपलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे ट्रान्सफॉर्मर,
रात्रंदिवस हूं हूं हूं.
पाहुण्यांना झोप लागायची नाही. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही.
पेटी नव्हती. मागच्या पायरीवर बसून
मी त्या हुंकारावर सा ठेवायचे,
उकळी शांत झाल्यावर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा, अलगद.
एप्रिल-मेमध्ये लोड वाढला की तो किंचित उतरायचा,
मीही उतरायचे.
शटडाउनच्या दिवशी माझ्याच्याने गाणं व्हायचं नाही.
बाबा ड्यूटीवरून येऊन विचारायचे,
आज रियाज नाही? आणि स्वतःच हसायचे.

यातलं काहीच मी बोलले नाही.
क्वार्टर्समधला आहे, एवढंच म्हटलं.
बाईंना घराण्याचं नाव वाटलं की काय,
त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

मग तानपुऱ्याच्या कडेला एक बारीक चकती असते
ती त्या फिरवत राहिल्या, चष्मा कपाळावर,
खाली, अजून खाली, थोडं वर,
आणि दोनाचा एक झाला.
अंगावरून काहीतरी गेलं.
भीमपलास गायले. धड नाही. दोनदा दम तुटला,
अंतऱ्यात शब्दच गिळले.
तबलेवाल्या मुलाने तेवढ्यात एकदा वर पाहिलं.

बाई म्हणाल्या, आज मी आले खाली.
वर्गात बाराजणी असतात, तिथे कोणी येणार नाही.
यादी शुक्रवारी लागेल.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. विटाव्याच्या घरात
कानाचं मशीन काढून ते शेंगा सोलत होते,
दोनदा ओरडून सांगावं लागलं.
हलतो का? त्यांनी विचारलं.
नाही.
एका जागी आहे?
आहे.
मग तो फॉल्ट नाही, म्हणाले, सेटिंग आहे,
आणि टरफलं पेपरात गुंडाळू लागले.

रात्री सगळे झोपल्यावर
मोबाईलवर काळी चार लावली, आवाज अगदी कमी.
अर्ध्या पायरीहून थोडी जास्त चढण.
तीनदा पोचले. चौथ्यांदा
घसरून पुन्हा मागच्या पायरीवर.
तिथेच बसले थोडा वेळ.